ढमका : अमका पाहा

माझ्या वडिलांचा शब्द मी माझ्याच हाताने, निळ्या शाईने, कोशातून काढून टाकला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. कोश कार्यालयाच्या दप्तरी तशी नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते झालेलं नसतं, हे त्याच कार्यालयाने मला दोन वर्षं पगार देऊन शिकवलं आहे. तेव्हा नव्याने सुरुवात करू.

माझे वडील ढमका बनवतात.

इथे बहुतेक लोक हसतात. हसून घ्या, मी थांबतो. अमका-ढमका म्हणजे कुणीतरी, आलागेला, ज्याचं नाव लक्षात ठेवून कुणाचं काही अडत नाही असा माणूस, हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या घरात ढमका म्हणजे वाद्य. गुडघ्याएवढं लाकडी खोड, त्याला दोन तोंडं, एक मोठं, एक लहान. मोठ्या तोंडावर जाड कातड्याचं पान, लहानावर पातळ. गळ्यात अडकवायचा, मोठ्या पानावर टिपरू हाणायचं, लहानावर बोटं मारायची. मोठं तोंड म्हणतं ‘ढम’, लहान म्हणतं ‘का’. बाबांच्या मते शब्दाची व्युत्पत्ती इथे सुरू होते आणि इथेच संपते. आधी ढम, मग का.

‘‘बाकीची वाद्यं नुसती बोंबलतात,’’ ते म्हणायचे. ‘‘हे एकटं विचारतं.’’

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे बाबांची दहा बाय आठची खोली आहे. कोपऱ्यात पिंपात कातडं भिजत पडलेलं असतं आणि त्याचा वास इतका जुना आहे, की सायकलवाला गिऱ्हाइकांना पत्ता सांगताना ‘वास आला की डावीकडे’ असं सांगतो. दारावर पाटी आहे : ‘ढमका मिळेल’. शाळा सुटली की पोरं दारात उभी राहून विचारतात, ‘‘काका, अमका मिळेल का?’’ बाबा दर वेळी खरं उत्तर देतात. ‘‘नाही बाळा, संपला.’’

ढमका वाजवणारं आता बाबांशिवाय कुणी नाही. पोट चालतं ते दुसऱ्यांच्या ढोल-ताशांना पानं चढवून. तरी गेल्या वर्षी तीन ढमके विकले गेले. तिघांनीही त्यांचं स्टूल केलं. एकावर दिवा ठेवतात, एकावर फुलदाणी आणि तिसऱ्यावर एका वकिलांच्या सासूबाई बसतात.

‘‘मी गेल्यावर या वस्तूला लोक काय म्हणतील?’’ बाबांनी एकदा जेवताना विचारलं.

‘‘स्टूल,’’ आत्या म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न ठरून मोडलं, तेव्हापासून आमच्याकडेच. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि तेव्हापासून घरात खरं बोलायचं खातंही तिच्याकडेच आहे.

एवढ्यात मला कोश कार्यालयात नोकरी लागली. नोकरी हंगामी, हुद्दा सहायक. जुन्या शब्दकोशाची चाळीस वर्षांनी नवी आवृत्ती निघायची होती आणि प्रत्येक सहायकाला एकेक अक्षर वाटून दिलं होतं. मला मिळाला ढ. शाळेत जे मला फुकट म्हणायचे त्याचे आता पैसे मिळायला लागले.

माझ्या शेजारच्या टेबलावर ड होता. त्याला सगळे डवाले म्हणायचे आणि तो मला ढवाले. खरी नावं हजेरीपत्रकात होती, तिथेच ती सुखात होती. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लोखंडी खण, खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो अर्थ कुठल्या छापील किंवा हस्तलिखित कागदात सापडला त्याचा पत्ता. पत्ता नसेल तर शब्द बाहेर. ऐकीव चालत नाही, हा नियम संपादकबाईंचा. बाई एकसष्ट वर्षांच्या, गळ्यात चष्म्याची दोरी, मुठीत कायम तासलेली पेन्सिल. ‘मला वाटतं’ हे शब्द त्या कधी वापरायच्या नाहीत. त्यांना काही वाटत नसे. त्यांना आढळत असे.

पहिल्याच दिवशी मी जुनी आवृत्ती काढून ढमका बघितला. तिथे छापलं होतं, ‘ढमका : अमका पाहा’. वाद्याचा उल्लेख नाही.

हे मी घरी सांगायला नको होतं. पण सांगितलं, आणि बाबांच्या हातातलं टिपरू तिथेच थांबलं.

‘‘नव्या पुस्तकात लिहिणार ना?’’

‘‘पुरावा लागतो, बाबा.’’

‘‘मी आहे की.’’

‘‘तुम्ही छापील नाही.’’

त्या दिवसापासून संध्याकाळी मी चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, ‘‘ढ कुठवर आला?’’ मी म्हणायचो, ढग झाला. ढब झाली. ढबू झाला. ते बोटांवर मोजून म्हणायचे, ‘‘आलंच की जवळ.’’ आयुष्यात त्यांनी कुठल्या पुस्तकाची इतकी वाट पाहिली नव्हती. मुळात पुस्तकच पाहिलं नव्हतं फारसं. त्यांना एकच ओळ हवी होती : ढमका, एक चर्मवाद्य. मग दारातल्या पोरांना ते ती दाखवणार होते. स्टूलवाल्या वकिलांनाही. एका कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, दुसरा जायच्या आत हे व्हावं, एवढीच घाई.

कार्यालयात मी विषय काढला, तेव्हा डवाल्याने पाच मिनिटांत निकाल लावला.

‘‘हे बघ ढवाले, हा जोडशब्द आहे. भांडीबिंडी म्हणतो ना आपण? त्यातलं बिंडी म्हणजे काय? काही नाही. अमका-ढमकामधला ढमका म्हणजे ती बिंडी.’’

‘‘माझे वडील ती बनवतात.’’

‘‘उद्या कुणी येईल आणि म्हणेल, मी बिंडी बनवतो. आपण काय खण उघडायचा त्याला?’’

बाईंनी मान वर न करता विचारलं, ‘‘वाद्य अस्तित्वात आहे?’’

‘‘आहे, बाई. हवं तर घेऊन येतो.’’

‘‘आणा,’’ त्या म्हणाल्या. हे त्यांना आढळलं होतं की वाटलं होतं, कळलं नाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. गळ्यात ढमका. पहारेकऱ्याने दारात अडवलं, कारण आत न्यायच्या वस्तूंच्या यादीत ढोल नव्हता. शेवटी यादीत ‘फर्निचर’ सापडलं, तेव्हा सोडलं. स्टूल म्हणूनच आत आला तो.

बाबा खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, घसा साफ केला, जणू तेच गाणार होते, आणि टिपरू हाणलं. ढम. लोखंडी खण एका दमात थरथरले. कुठूनतरी ष अक्षराच्या चिठ्ठ्या खाली आल्या. त्या तशाही सैलच होत्या. मग बोटांनी, हलकेच, का. पुन्हा ढम. पुन्हा का. बाबांनी डोळे मिटले होते. मी तो आवाज जन्मापासून ऐकतोय, पण त्या खोलीत, इतक्या शब्दांच्या मध्ये, तो खरंच काहीतरी विचारत होता. उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून सगळे कौतुकाने बघत होते.

तिसऱ्या आवर्तनाला खालच्या मजल्यावरच्या वजनमापे खात्याचा शिपाई वर आला. त्यांचा तराजू हलत होता.

‘‘हळू वाजवता येईल का?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हळू वाजला तर तो ढमका नाही,’’ बाबा म्हणाले.

बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘आवाज ऐकला. आवाज हा पुरावा नव्हे.’ खाली सही, तारीख. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘एक कागद आणा. एकच. जुना. मी लगेच नोंद घेते.’’ हे त्या मनापासून म्हणाल्या. म्हणूनच पुढचं सगळं झालं. मनापासून बोलणारी माणसं कार्यालयात नसावीत.

आमच्याकडे एक पद्धत होती. जुनी सरकारी दप्तरं रद्दीत विकायच्या आधी शब्द वेचायला आमच्याकडे पाठवत. गोणी यायची, आम्ही चाळायचो, जुना शब्द दिसला की चिठ्ठी करायची आणि गोणी रद्दीवाल्याकडे. डवाल्याला धुळीने शिंका यायच्या, म्हणून गोण्या माझ्याकडे. चार महिने मी जनावरांचे दाखले, पाणवठ्यांची भांडणं आणि एका पुलाच्या न झालेल्या उद्घाटनाचा अख्खा पत्रव्यवहार वाचला. ढमका कुठेच नाही. मग एका गोणीत तळाशी एक लांबट पुस्तक निघालं. गाव कुठलंतरी, पुढे शेजारच्या गावात विलीन झालेलं, आता नकाशात नसलेलं. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘कमी केलेल्या इसमांचे पुस्तक’.

पहिल्या पानावर नियम. ज्या इसमास हद्दीबाहेर घालविणे आहे, त्याचे दारी ढमका वाजवावा. वाद्य वाजल्यावर सदर इसम गावातून कमी झाला असे समजावे. त्यापुढे त्याचे नाव कोणी लिहू अगर उच्चारू नये.

मी ‘वाद्य’ वाचलं आणि खुर्चीवरून उठलो. पुढचं वाचलं आणि पुन्हा बसलो.

आत रकाने होते. अनुक्रमांक, इसमाचे नाव, धंदा, घरातील माणसे, सबब, शेरा. आता नाव लिहायची बंदी आणि नावाचा रकाना तर भरायचाच, तेव्हा कारकुनाने डोकं चालवून तिथे ‘अमका’ लिहिलं होतं. शेऱ्यात पहिल्या दोन ओळींत ‘दारी ढमका वाजवून हद्दीबाहेर पोचविला’ असं सविस्तर. कारकून सगळीकडे सारखाच. तिसऱ्या ओळीपासून नुसतं ‘ढमका’. अमका, सुतार, माणसे पाच, ढमका. अमका, शिंपी, माणसे दोन, ढमका. अमकी, सुईण, माणसे एक, ढमका. पान उलटा, अमका, ढमका. पुन्हा उलटा. सबबीच्या रकान्यात सगळीकडे ‘सदर’ लिहिलेलं. म्हणजे वरच्याप्रमाणे. मी वर वर जात पहिल्या ओळीशी पोचलो. पहिल्या ओळीत सबबीची जागा कोरी होती.

एकूण एकशे चौदा ओळी. शेवटची अशी :

‘११४. अमका. ढमका वाजविणारा. माणसे चार. सदर. शेरा : दुसरा वाजविणारा उपलब्ध नसल्याने स्वतःच वाजविला. आवाज समाधानकारक.’

मी पुस्तक बाईंपुढे ठेवलं. त्यांनी दोरीचा चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं आणि ते हसू नेमकं त्या पुस्तकावर यावं, याचं मला वाईट वाटलं.

‘‘जोडशब्द नाहीच हा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन रकाने आहेत. लोकांनी आडवे वाचले. आयुष्यात एखादीच अशी नोंद हाताला लागते. प्रस्तावनेत तुमचं नाव घालते मी.’’

डवाल्याने शिंकत शिंकत माझी पाठ थोपटली. ‘‘बिंडी सापडली की रे तुझी.’’

बाईंनी चिठ्ठी स्वतः लिहिली. सुंदर अक्षरात : ‘ढमका : गावातून हद्दपार केलेल्या इसमाच्या दारी वाजवावयाचे चर्मवाद्य. त्यावरून, ज्याचे नाव घेऊ नये असा इसम. कोणीही, क्षुल्लक माणूस.’

मी त्यांना विचारून पुस्तक एका दिवसासाठी घरी नेलं. बाबांना कळायला हवं, असं मला वाटलं. त्यांच्या तोंडून काय ऐकायचं होतं, ते आता आठवत नाही.

बाबा खोलीत एका खोडाला रंधा मारत होते. आत्या डबा घेऊन आली होती. बाबांनी हात पुसले, ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतलं. अर्धा तास लागला. आत्याने मध्ये दोनदा विचारलं, ‘‘काय आहे? काय आहे?’’ मी तिला सांगितलं. मग तिने उघडायला घेतलेल्या डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

‘‘वाचलं,’’ बाबा म्हणाले.

‘‘मग?’’

‘‘अक्षर बरं आहे.’’

‘‘बाबा.’’

‘‘शेवटचं पान वाचलंस का तू?’’

तेव्हा मला कळलं. ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘माझ्या आजोबांनी सांगितलं होतं. म्हणाले, दुसऱ्यांच्या दारी वाजवताना हात हलका ठेवायचो मी. तेवढंच आपल्या हातात. स्वतःच्या दारी मात्र तपासनीस उभा होता. हलका वाजला असता तर पुन्हा वाजवायला लावला असता. म्हणून एकदाच नीट वाजवला.’’

‘‘मला तर तुम्ही सांगितलंत, हे बातमीचं वाद्य आहे.’’

‘‘बातमीच होती की ती.’’

‘‘चांगली बातमी म्हणाला होतात.’’

‘‘सात वर्षांचा होतास तू. सात वर्षांच्या पोराला काय सांगू?’’

‘‘मी आता सव्वीस वर्षांचा आहे.’’

‘‘मध्ये तू विचारलं नाहीस.’’

आत्या म्हणाली, ‘‘मला तर सांगितलं होतंस, दादा, की आपले पूर्वज दरबारात वाजवायचे म्हणून.’’

‘‘ते तुझ्या लग्नाच्या वेळी. मुलाकडच्यांना सांगायला काहीतरी हवं होतं.’’

‘‘आणि त्यांनी दरबार कुठला ते विचारलं.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणून मोडलं होय,’’ आत्या म्हणाली. ‘‘मी इतकी वर्षं माझ्या नाकाला दोष देतेय.’’

कुणीच हसलं नाही. खरं तर वाक्य चांगलं होतं.

बाबांनी पुस्तक मिटलं, पण हात वरच ठेवला. ‘‘तू असं कर. ‘एक चर्मवाद्य’ एवढंच लिही. बाईंना सांग, ढोलापुढे लिहिलंय का, कुणाच्या दारी वाजवतात ते? मग आमच्याच मागे कशाला लावता?’’

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी मी तो जसाच्या तसा मांडला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला.

‘‘ढोल हजार कामांना वाजतो, म्हणून त्याचं काम लिहीत नाही. याचं काम एकच आढळतं. एकशे चौदा वेळा.’’

‘‘वाद्य आहे एवढं घ्या ना, बाई. बाकीचं सोडा.’’

‘‘अर्धा पुरावा घ्यायचा आणि अर्धा सोडायचा, याला कोश म्हणत नाहीत. जाहिरात म्हणतात.’’ मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘‘यात तुमच्या वडिलांचा दोष काहीच नाही.’’

‘‘तसं कोशात लिहिता येईल का?’’

‘‘नाही.’’

मी घरी येऊन सांगितलं. बाबा बराच वेळ पिंपातलं कातडं काठीने खालीवर करत राहिले.

‘‘मग काढ,’’ ते म्हणाले.

‘‘काय काढू?’’

‘‘शब्द. आमचा. जुन्या पुस्तकात होतं तसंच राहू दे. ढमका म्हणजे कुणी नाही. कुणी नसणं बरं असतं रे. हे छापलंत तर ती पोरं उद्या दारात येऊन विचारतील, काका, कुणाला घालवलंत? तेव्हा काय सांगू? संपला म्हणून?’’

‘‘पण बाबा, खरं तर हेच आहे ना? याच्यासाठीच तर मी चार महिने—’’

‘‘मला वाद्य हवं होतं. तू घराचा इतिहास घेऊन आलास.’’

  ते वाक्य मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे, पत्त्याशिवाय.

मी पुस्तक परत न्यायला हात पुढे केला. बाबांनी ते उचलून फळीवर, अगदी वर, खोडांच्या मागे ठेवलं.

‘‘ते कार्यालयाचं आहे, बाबा.’’

‘‘रद्दीत जाणार होतं ना? मग कार्यालयाचं कसं?’’

‘‘फाडून तरी टाका मग.’’

‘‘नावं आहेत त्यात.’’

‘‘नावं नाहीतच. सगळीकडे अमका लिहिलंय.’’

‘‘तरी,’’ बाबा म्हणाले.

कार्यालयात बाईंनी आठवड्याने पुस्तक मागितलं. मजकूर छापखान्यात जायचा होता आणि चिठ्ठीवर मूळ ताडून शिक्का मारायचा होता.

‘‘सापडत नाही, बाई.’’

‘‘शोधा.’’

‘‘शोधलं.’’

त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ पाहिलं, की डवाल्याने आलेली शिंक दाबली. बाईंना सगळं आढळलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला ओरडून घ्यायचं होतं कुणाकडूनतरी.

‘‘मूळ नसेल तर नोंद नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नियम मीच केलाय.’’ आपल्या सुंदर अक्षरातली ती चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. ‘‘तुम्हीच काढा. माझ्या हातून नको.’’

पुढे काय झालं, ते तुम्ही वाचलेलं नाही असं आपलं ठरलं आहे.

आवृत्ती वेळेवर निघाली, म्हणजे तीन वर्षं उशिरा. प्रस्तावनेत डवाल्याचं नाव आहे, पुस्तकांची धूळ सोसल्याबद्दल. माझं नाही. हंगामी पदं कमी झाली, त्यात मीही गेलो. पण मुद्रितं शेवटची तपासली मीच. ‘ढमका : अमका पाहा’ हे जुन्यासारखंच राहिलं. आणि अ अक्षर सांभाळणाऱ्या अवाल्याने आपल्या परीने नवीन मांडणी करून लिहिलं होतं, ‘अमका : ढमका पाहा’. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. वाचकाने इकडून तिकडे फिरत राहावं आणि त्याला कुणीही भेटू नये, हा त्या कोशातला सर्वांत अचूक अर्थ आहे, आणि तो चुकून पडला आहे.

एक प्रत मी घरी आणली. बाबांनी दोन्ही पानं पाहिली, मान हलवली, कोश फळीवर ठेवला. ‘‘चांगलं झालं,’’ म्हणाले. ते बोलणं मला आवडलं नाही. हरलेला माणूस तक्रार करतो; हा तर आभार मानत होता.

पण त्यानंतर बाबांचं काहीतरी बिनसलं. फुलदाणीवाल्यांचा माणूस आणखी दोन नग मागायला आला, तर त्याला हाकलला. पाटी उतरवली. दुपारी जेवण झालं की फळीवरून ते पुस्तक काढायचे आणि एक ओळ वाचायचे. एकच. मग दिवसभर कामात ती ओळ तोंडात. ‘‘सुईण होती ती. एकटी. घरात माणूस एक, म्हणजे तीच. तिच्या दारी कुणासाठी वाजवला असेल रे? ऐकायला दुसरं कोण होतं?’’ मी म्हणायचो, बाबा, नव्वद-शंभर वर्षं झाली असतील. ते म्हणायचे, ‘‘तिला नाही झाली. तिला एकदाच झालं.’’

आत्या म्हणाली, ‘‘डॉक्टरला दाखव.’’ दाखवलं. डॉक्टरने कान तपासले. दुसराही चालला होता.

मग एका दुपारी, एकशे तेरावी ओळ झाल्यावर, बाबांनी मला खोलीत बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला.

‘‘तुला सरकारी भाषा येते ना?’’

‘‘तेवढीच येते.’’

‘‘अर्ज लिही. आजोबांनी वाजवून माणसं कमी केली. तर वाजवून परत जमा करायचीही काहीतरी सोय असेल.’’

‘‘अशी पद्धत नसते, बाबा.’’

‘‘कमी करायची होती ना?’’

‘‘गावच नाही आता. पाठवायचा कुणाला?’’

‘‘गाव ज्याच्यात गेलं त्याच्याकडे. गाव घेतलं, तर गावाचं केलेलंही घेतलं असेलच की.’’

‘‘आणि त्यांची नावं आणणार कुठून? पुस्तकात नाहीत. तुम्हाला माहीत नाहीत.’’

‘‘ते मी का बघू? काढली त्यांनी. शोधतीलही तेच.’’ मग कागद माझ्याकडे आणखी सरकवून म्हणाले, ‘‘आणि हे बघ, विनवण्या नकोत. नीट लिही. समाधानकारक.’’

मी लिहिलं. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं, एका जागी भर घातली आणि सही केली. टपालाला मीच टाकला. पोच आलेली नाही. नक्कल इथे देतो.

प्रति,
मा. अधिकारी, जे कोणी असतील ते.

विषय : कमी केलेल्या एकशे चौदा इसमांची नावे पूर्ववत दाखल करून घेणेबाबत.

महोदय,

आपल्या गावात विलीन झालेल्या गावी आमच्या घराण्यातील वादकाने शासकीय आज्ञेवरून एकशे चौदा दारी ढमका वाजविला. सोबत धंदेवार यादी जोडली आहे. सबबीचा रकाना मूळ दप्तरातच कोरा असल्याने यादीतही कोरा ठेवला आहे. तो आपल्याकडील माहितीवरून भरून घ्यावा, अगर भरता येत नसल्यास तसे लेखी कळवावे.

तरी सदर इसमांची नावे, जी अर्जदारास ठाऊक नाहीत व आपल्या दप्तरीही नाहीत, ती शोधून पूर्ववत दाखल करून घ्यावीत. दाखल झाल्याची बातमी प्रत्येकाच्या दारी वाजवून कळविण्याची परवानगी अर्जदारास एक कान शाबूत आहे तोवर मिळावी. जी दारे आता उभी नाहीत, ती या कामापुरती उभी करून देण्यात यावीत. अनुक्रमांक ११४ बाबत अर्जदाराची घाई नाही. तो सर्वांत शेवटी घ्यावा, ही विनंती.